परदेशी मशीन विकून मिळालेलं कमिशन आणि जीएसटीची नोटीस: पहिल्यांदाच यात अडकलेल्यांसाठी

आमची कोल्हापुरात छोटी एजन्सी आहे, बाबांनी सुरू केलेली. तैवानच्या एका कंपनीची सीएनसी मशीन्स आणि युरोपातल्या एका कंपनीची फाउंड्रीची मशिनरी शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी भागातल्या कारखान्यांना दाखवायची, कोटेशन मागवून द्यायचं, ऑर्डर पक्की झाली की मशीन थेट परदेशातून कस्टमरच्या नावावर येतं आणि आम्हाला ५ टक्क्यांच्या आसपास कमिशन डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये बँकेत येतं. बाबा कायम म्हणायचे फॉरेन कमिशनवर टॅक्स नसतो, आणि मीही तेच धरून चालले होते. डिसेंबर २०२३ मध्ये २०१८-१९ सालासाठी नोटीस आली की हे कमिशन एक्स्पोर्ट नाही, १८ टक्के जीएसटी भरा, वर व्याज भरा, वर दंड भरा. पुढची दीड वर्षं त्यातच गेली. हा धंदा करणारे आपल्याकडे खूप जण आहेत, टेक्सटाइल मशीनवाले, पॅकेजिंगवाले, हॉस्पिटल इक्विपमेंटवाले, सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे, म्हणून जे कळलं ते क्रमाने लिहितेय. मी सीए नाही, शेवटचा ड्राफ्ट तुमच्या सीएकडूनच करून घ्या, पण त्यांच्याकडे जाण्याआधी एवढं माहीत असेल तर निम्मा वेळ वाचेल.

१. आधी हे समजून घ्या की वाद नक्की कशावर आहे

आपल्याला वाटतं गिऱ्हाईक परदेशात, पैसे डॉलरमध्ये, मग एक्स्पोर्टच की. पण आयजीएसटी (आंतरराज्य आणि परदेशी व्यवहारांचा जीएसटी) कायद्याच्या कलम २(६) मध्ये सेवेच्या एक्स्पोर्टला पाच अटी आहेत आणि पाचही लागतात: सेवा देणारा भारतात, घेणारा भारताबाहेर, सेवेचं ठिकाण म्हणजे प्लेस ऑफ सप्लाय भारताबाहेर, पैसे परकीय चलनात (किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयात), आणि दोघं एकाच कंपनीच्या दोन शाखा असता कामा नयेत. आपण अडकतो ते तिसऱ्या अटीत. कलम १३(८)(बी) (ते काढायची शिफारस झालीय, भाग ९ बघा) म्हणतं की सेवा देणारा 'इंटरमीडिअरी' असेल तर सेवेचं ठिकाण म्हणजे त्याचं स्वतःचं ठिकाण, म्हणजे आपलं ऑफिस जिथे आहे ते. मग डॉलर येऊदेत नाहीतर येन, एक्स्पोर्ट होत नाही.

इंटरमीडिअरी कोण हे कलम २(१३) मध्ये आहे: दलाल, एजंट किंवा कुठल्याही नावाने ओळखला जाणारा जो दोन पार्ट्यांमधला मालाचा किंवा सेवेचा व्यवहार जुळवून देतो तो, पण जो स्वतःच्या खात्यावर माल किंवा सेवा पुरवतो तो नाही. हे शेवटचं अर्धं वाक्य पाठ करून ठेवा, बराचसा वाद त्याच्याभोवतीच फिरतो.

आणि बाबा चुकीचे होते का? नाही, त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. सर्व्हिस टॅक्सच्या, म्हणजे जीएसटीच्या आधीच्या, जमान्यात २००५ च्या एक्स्पोर्ट नियमांखाली असं कमिशन एक्स्पोर्ट धरलं जायचं (त्यावरही डिपार्टमेंट भांडलं, पण ट्रिब्युनलांनी बऱ्याच वेळा एजंटची बाजू घेतली). १ जुलै २०१२ पासून इंटरमीडिअरीचा नियम आला तो फक्त सेवांच्या दलालीसाठी, मालाचे एजंट त्यात नव्हतेच. १ ऑक्टोबर २०१४ पासून व्याख्येत 'माल' हा शब्द घातला आणि तिथे आपल्यासारखे सगळे आत आले. जुनी माणसं अजून २०१४ च्या आधीचं सांगतात आणि नवीन माणसं तेच ऐकून इन्व्हॉइस काढत राहतात, आमच्या घरात अगदी हेच झालं.

२. मशीन कोण कोणाला विकतंय ते कागदावर काढा

एका कागदावर तीन चौकोन काढा: परदेशी कंपनी, तुम्ही, कारखानदार. आता प्रत्येक व्यवहाराचा बाण काढा, मशीनचं इन्व्हॉइस कोणाच्या नावाने, पैसे कोणाकडून कोणाकडे, बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) कोणाचं, वॉरंटी कोणाची. आमच्याकडे तीन प्रकार निघाले आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

पहिला प्रकार म्हणजे मशीन परदेशी कंपनीने थेट कस्टमरला विकलं आणि ऑर्डरमागे आम्हाला टक्केवारी मिळाली. हे इंटरमीडिअरी आहे, इथे उगाच शब्दांचे खेळ करू नका, अधिकारी रोज असली प्रकरणं बघतात.

दुसरा म्हणजे आम्ही त्या कंपनीसाठी बाजाराची माहिती काढून दिली, एक्झिबिशनमध्ये स्टॉल सांभाळला, दर महिन्याला ठरलेली फी घेतली, ऑर्डर येवो न येवो. २० सप्टेंबर २०२१ च्या जीएसटीच्या सर्क्युलर १५९ मध्ये लिहिलंय की इंटरमीडिअरीसाठी किमान तीन पार्ट्या आणि दोन वेगळ्या सप्लाय लागतात, एक मूळ व्यवहार आणि दुसरी तो जुळवून देण्याची सेवा, आणि जो मूळ सेवा स्वतःच देतो तो इंटरमीडिअरी नाही. म्हणजे ही फी स्वतःच्या खात्यावर दिलेली सेवा आहे असं मांडता येतं, आणि ते मांडलंच पाहिजे.

तिसरा प्रकार लोक विसरतात: मशीन आल्यावर आमचा इंजिनिअर जाऊन ते बसवून देतो, वॉरंटीत सर्व्हिस देतो आणि त्याचे पैसे परदेशी कंपनी देते. हे इंटरमीडिअरी नाही, पण कलम १३(३)(ए) मध्ये आहे की ज्या मालावर काम करायचंय तो माल समोर असावा लागतो अशा सेवेचं ठिकाण म्हणजे काम जिथे झालं तिथे, आणि डिपार्टमेंट ते कलम लावतं. मशीन शिरोलीत, काम शिरोलीत, मग सेवा शिरोलीतली. आमच्या एजन्सी अॅग्रीमेंटमध्ये कमिशन आणि इन्स्टॉलेशन एकाच टक्केवारीत कोंबलं होतं, ते वेगळं करताना फार त्रास झाला.

अजून एक, विकणारा आणि घेणारा दोघेही भारताबाहेर असतील (समजा तैवानचं मशीन तुम्ही बांगलादेशच्या पार्टीला विकून दिलं) तर १ ऑक्टोबर २०१९ पासून त्या कमिशनवर सूट आहे, नोटिफिकेशन २०/२०१९ मध्ये. नोटिशीत असे व्यवहार सरसकट धरलेले असतील तर आधी ते बाहेर काढा.

३. कागदपत्रं गोळा करा, आणि नीट वाचा

लागणारे कागद:

– एजन्सी अॅग्रीमेंट, सगळ्या सुधारणांसकट, आणि कमिशन ठरल्याचे ईमेल
– तुमची कमिशनची इन्व्हॉइसेस
– बँकेचा इनवर्ड रेमिटन्स अॅडव्हाइस किंवा एफआयआरसी (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला), प्रत्येक रकमेचा वेगळा, आणि जमलं तर स्विफ्टची कॉपी
– परदेशी कंपनीचं कस्टमरला दिलेलं इन्व्हॉइस आणि कस्टमरकडून बिल ऑफ एंट्रीची कॉपी
– त्या वर्षाची जीएसटीची रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, ३बी, वार्षिक रिटर्न, इन्कम टॅक्स रिटर्न, बॅलन्स शीट
– एलयूटीची (टॅक्स न भरता एक्स्पोर्ट करायचं हमीपत्र) पोच, म्हणजे आरएफडी-११, त्या त्या वर्षाची

नुसते गोळा करू नका, डिपार्टमेंटच्या नजरेने वाचा. आमच्या अॅग्रीमेंटचं पहिलंच वाक्य होतं की एजंट कंपनीच्या वतीने ऑर्डर मिळवेल. इन्व्हॉइसवर अकाउंटंटने सॅक, म्हणजे सेवेचा कोड, ९९६१११ टाकला होता, तो होलसेल व्यापारात कमिशनवर दिलेल्या सेवेचा. बँकेच्या अॅडव्हाइसवर पर्पज कोड पी१००२ होता, तोही आयात-निर्यातीवरच्या कमिशनचाच. म्हणजे आम्ही स्वतःच तीन ठिकाणी एजंट म्हणून सही केली होती. तुमचं काम खरंच वेगळं असेल, मार्केट रिसर्च असेल, तर हे कोड पुढच्या इन्व्हॉइसपासून बरोबर घाला. जुने कागद मात्र कधीही बदलू नका, मागच्या तारखेचं अॅग्रीमेंट अजिबात करू नका, साधा अर्थ लावण्याचा वाद आहे तो त्यामुळे फसवणुकीचा होईल.

सेट-ऑफ झालाय का तेही बघा. आमच्या एका प्रिन्सिपलने (ज्यांचे आम्ही एजंट त्या परदेशी कंपनीने) दोन वर्षं कमिशन पाठवलंच नाही, आम्ही त्यांच्याकडून स्पेअर पार्ट मागवायचो त्याच्या बिलातून वजा केलं. दोघांनाही सोयीचं होतं, पण बँकेत परकीय चलन आलंच नाही, त्यामुळे एक्स्पोर्टची चौथी अट दाखवायला कागद नाही. तेव्हापासून आम्ही पूर्ण रक्कम मागवतो आणि स्पेअरचं पेमेंट वेगळं करतो, बँक चार्जेस दोनदा गेले तरी चालतील.

४. नोटीस आली की पहिल्या आठवड्यात

पहिलं म्हणजे नोटीस आलीय हे कळायला पाहिजे. पोर्टलवर लॉगिन केल्यावर नोटिसा एकाच जागी दिसत नाहीत, 'व्ह्यू अॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' असा वेगळा कप्पा आहे, तो उघडून बघा, दर पंधरा दिवसांनी बघायची सवय लावा. ईमेल आणि मोबाइल सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असेल तर आजच बदला.

मग नोटिशीवर हे शोधा: कलम कुठलं, वर्ष कुठलं, टॅक्स आयजीएसटी म्हणून मागितलाय की सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात झालेल्या व्यवहारावरचा केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) म्हणून, आणि उत्तराची तारीख. कधी आधी डीआरसी-०१ए येतं, ते नुसतं कळवणं आहे, पण त्यालाही पार्ट बी मध्ये उत्तर देता येतं. खरी कारणे दाखवा नोटीस म्हणजे डीआरसी-०१.

सीजीएसटी कायद्याचं कलम ७३ असेल तर साधा वाद, दंड टॅक्सच्या १० टक्के किंवा १० हजार यातला जो जास्त तो, आणि ऑर्डर वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ३ वर्षांत यायला लागते (सुरुवातीच्या वर्षांना मुदतवाढ मिळालीय, आमच्या २०१८-१९ ला ३० एप्रिल २०२४ पर्यंत होती). कलम ७४ असेल तर त्यांचा आरोप आहे की तुम्ही जाणूनबुजून लपवलं, तिथे दंड टॅक्सइतकाच आणि मुदत ५ वर्षं. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना दोन्हींच्या जागी कलम ७४ए आहे. ७४ लागलं असेल तर घाबरून लगेच भरू नका, आधी बघा जीएसटीआर-१ मध्ये ते कमिशन एक्स्पोर्टच्या तक्त्यात, ६ए मध्ये, दाखवलं होतं का. दाखवलं असेल तर लपवलं कुठे? सगळं सरकारच्याच पोर्टलवर आहे, वाद फक्त अर्थाचा आहे. आणि फसवणूक सिद्ध झाली नाही तर कलम ७५(२) प्रमाणे ती मागणी ७३ खालीच मोजायला लागते. ज्यांनी रिटर्नमध्ये काहीच दाखवलं नाही आणि इन्कम टॅक्समध्ये मात्र कमिशन दाखवलं, त्यांची बाजू इथे कमजोर पडते, कारण ते दोन आकडे जुळवूनच बऱ्याच नोटिसा निघतात.

५. आकडा स्वतः मोजा

समजा २ लाख युरोचं मशीन, ५ टक्के म्हणजे १० हजार युरो, ९० रुपये दराने ९ लाख. नोटीस म्हणते ९ लाखावर १८ टक्के, म्हणजे १,६२,०००. पण तुम्ही परदेशी कंपनीकडून टॅक्स वेगळा घेतलाच नाही, मग मिळालेली रक्कम टॅक्ससकट धरा असं सीजीएसटी नियम ३५ खाली मागता येतं, ९ लाख गुणिले १८ भागिले ११८, म्हणजे १,३७,२८८. एका मशीनमागे जवळजवळ २५ हजारांचा फरक, वर्षाला दहा मशीन असतील तर बघा. व्याज १८ टक्क्यांनी, तेही कमी झालेल्या टॅक्सवर. त्या वर्षातलं तुमचं घेतलेलं नसलेलं किंवा पडून असलेलं क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी), चुकून दोनदा धरलेली रक्कम, चुकीचा एक्स्चेंज रेट, हे सगळं तपासा. आमच्या नोटिशीत बॅलन्स शीटमधली 'कमिशन रिसीव्हेबल' (यायचं बाकी असलेलं कमिशन) ची शिल्लक बेरजेत दुसऱ्यांदा धरली होती.

६. उत्तरात काय लिहायचं

उत्तर डीआरसी-०६ मध्ये पोर्टलवरच द्यायचं. हाताने ऑफिसात दिलेलं पत्र पुरेसं समजू नका. आणि फॉर्ममध्ये पर्सनल हिअरिंग पाहिजे का असा प्रश्न असतो, तिथे 'हो' करा, घाईत बरेच जण 'नाही' करून मोकळे होतात.

मुद्दे क्रमाने. आधी व्यवहारांचा तक्ता, तीन प्रकार वेगळे करून, प्रत्येकाला त्याचा कागद. मग कायदा. महाराष्ट्रातल्या माणसाला इथे एक मोठा आधार आहे. मुंबई हायकोर्टात धर्मेंद्र जानी यांची याचिका होती, परदेशी कंपन्यांसाठी इथे गिऱ्हाईक शोधून कमिशन घेणाऱ्याचीच, अगदी आपल्यासारखी. जून २०२१ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत वेगळं पडलं, न्या. उज्जल भुयान म्हणाले कलम १३(८)(बी) घटनाबाह्य, न्या. अभय आहुजा म्हणाले वैध. मग तिसरे न्यायमूर्ती जी. एस. कुलकर्णी यांनी १८ एप्रिल २०२३ ला सांगितलं की कलम वैध आहे पण ते आयजीएसटी कायद्यापुरतंच, त्याच्या जोरावर सीजीएसटी आणि महाराष्ट्र जीएसटी लावता येत नाही. म्हणून मी वर म्हटलं की टॅक्स कुठल्या नावाने मागितलाय ते आधी बघा, सीजीएसटी-एसजीएसटी म्हणून मागितला असेल तर हा निकाल पहिल्या पानावर घाला. त्याआधी २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाने मात्र हे कलम वैध ठरवलं होतं, डिपार्टमेंट तो निकाल दाखवेल, तयारीत राहा.

दुसरा मुद्दा न्यायाचा आहे आणि मला तो मनापासून पटतो. कस्टम्सच्या मूल्यांकन नियमांत, २००७ च्या नियम १० मध्ये, विक्रीचं कमिशन आयात मालाच्या किमतीत धरलं जातं. परदेशी कंपनी आपलं कमिशन मशीनच्या किमतीतूनच देते, म्हणजे कारखानदाराने बंदरावर जी ड्यूटी आणि आयजीएसटी भरला त्यात आपल्या कमिशनवरचाही टॅक्स येऊन गेला. त्याच पैशावर परत आपल्याकडून घेतला तर तो परदेशी कंपनीला क्रेडिट म्हणूनही मिळत नाही, सरळ आपल्या खिशातून जातो. यावर केस जिंकेल असं नाही, पण दंड आणि नियत यावर बोलताना उपयोग होतो, म्हणून बिल ऑफ एंट्री जोडाच.

शेवटी पर्यायी मागणी: एवढं करूनही टॅक्स लागतोच म्हणत असाल तर रक्कम टॅक्ससकट धरा, क्रेडिट द्या, दंड लावू नका. आमच्या सीएंनी सुरुवातीला ही पर्यायी मागणी घालायला नको म्हटलं, कमजोरी दिसते म्हणून. मी आग्रह धरला, कारण इथे न मांडलेला मुद्दा पुढे मांडताना फार झगडावं लागतं.

७. हिअरिंग

तारीख पुढे मागायची असेल तर लेखी मागा, जास्तीत जास्त तीन वेळा मिळते. स्वतः जा, सीए बरोबर असले तरी. अधिकाऱ्यांना धंदा कसा चालतो ते आपण सांगितलं की कळतं, मी मशीनचा फोटो, ऑर्डरचा ईमेल, बँकेचा कागद असा एकाच ऑर्डरचा पूर्ण संच नेला होता आणि तो त्यांनी शांतपणे पाहिला. निघताना हिअरिंगच्या नोंदीत आपले मुद्दे आलेत का ते वाचूनच सही करा.

८. ऑर्डर विरुद्ध गेली तर

ऑर्डर डीआरसी-०७ मध्ये येते. मिळाल्यापासून ३ महिन्यांत एपीएल-०१ मध्ये अपील, उशिराचं कारण पटलं तर आणखी १ महिना, त्यानंतर दार बंद, कायदा अपील अधिकाऱ्याला त्यापुढे माफी द्यायचा अधिकारच देत नाही. वादातल्या टॅक्सच्या १० टक्के आधी भरायचे, व्याज-दंडावर नाही, वरच्या उदाहरणात १,६२,००० वर १६,२०० रुपये. ते भरले की उरलेल्याची वसुली थांबते. जेवढा टॅक्स मान्य असेल तो मात्र पूर्ण भरावा लागतो.

त्याच्यावर जीएसटी ट्रिब्युनल, आणखी १० टक्के. वर्षानुवर्षं ट्रिब्युनलच नव्हतं म्हणून लोकांना थेट हायकोर्टात जावं लागायचं, सप्टेंबर २०२५ मध्ये ते शेवटी सुरू झालं.

आमचं काय झालं: ऑर्डर एप्रिल २०२४ मध्ये पूर्ण विरुद्ध आली. मागणी सीजीएसटी-एसजीएसटी म्हणून होती, अपिलात मुंबई हायकोर्टाच्या निकालावर कमिशनचा भाग सुटला, महिन्याच्या फीचा भागही सुटला. इन्स्टॉलेशनचा राहिला, तो टॅक्ससकट रक्कम धरून मोजून दिला आणि आम्ही व्याजासकट भरून टाकला.

९. पुढच्या इन्व्हॉइसेसचं काय

३ सप्टेंबर २०२५ च्या ५६ व्या जीएसटी कौन्सिलने १३(८)(बी) काढून टाकायची शिफारस केली, म्हणजे इंटरमीडिअरीच्या सेवेचं ठिकाण सेवा घेणाऱ्याचं ठिकाण होईल आणि आपलं कमिशन एक्स्पोर्टमध्ये बसेल. पण शिफारस म्हणजे कायदा नाही, तुमच्या इन्व्हॉइसची तारीख बदल लागू झाल्याच्या तारखेच्या आधीची की नंतरची हे सीएंकडून बघून मगच टॅक्स लावायचा की नाही ठरवा. जुन्या वर्षांच्या नोटिसा या बदलाने आपोआप रद्द होतील असं धरून उत्तर द्यायचं थांबवू नका, आमच्या ओळखीतले दोघं असेच थांबलेत आणि मला त्यांची काळजी वाटते.

एक्स्पोर्ट म्हणून इन्व्हॉइस काढणार असाल तर एलयूटी दर आर्थिक वर्षाला नवीन भरायचं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच. पैसे इन्व्हॉइसच्या तारखेपासून वर्षात यायला हवेत, नाही आले तर त्यानंतर १५ दिवसांत टॅक्स व्याजासकट भरायचा. क्रेडिटचा रिफंड आरएफडी-०१ मध्ये, २ वर्षांच्या आत. रिफंड नाकारायची नोटीस आरएफडी-०८ मध्ये येते आणि उत्तराला फक्त १५ दिवस असतात, आणि इंटरमीडिअरीचा वाद बऱ्याच वेळा पहिल्यांदा तिथेच उघडतो, त्यामुळे वरचे सगळे कागद रिफंडच्या अर्जालाच जोडा.

आणि अॅग्रीमेंट नवीन करून घ्या, आम्ही तीन वेगळी केली: ऑर्डरवरचं कमिशन, महिन्याची मार्केटिंग फी, आणि इन्स्टॉलेशन-सर्व्हिस, ज्याच्या इन्व्हॉइसवर आता जीएसटी वेगळा लावतो. युरोपच्या कंपनीने पहिल्यांदा का-कू केलं, हा टॅक्स आम्ही का द्यायचा म्हणून, मग मी त्यांना एका मशीनचा हिशोब करून पाठवला आणि इन्स्टॉलेशनचा दर वाढवून घेतला. तैवानवाल्यांनी आठवड्यात सही केली.

कागद जुळवताना कुठे अडलात तर तुमचे तीन चौकोन आणि बाण काढलेला कागद घेऊन सीएंकडे जा, आमच्या सीएंनी तोच कागद अपिलाला जोडला होता.